बोटांना फसवणारा थर

मी केसांवरचा थर बोलतोय. दचकू नका. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, पण माझ्यावरून हात फिरवून "काय मऊ केस आहेत गं" असं कितीदा तरी म्हणाला आहात. ते कौतुक केसांचं नव्हतं, माझं होतं. पूर्वी मला त्याचा अभिमान वाटायचा, आता भीती वाटते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या पोलादी टाकीत झाला. सुटेसुटे बारीक कण पाण्यात फिरत होते. वरून कुणीतरी एक औषध सोडलं आणि आम्ही एकमेकांचे हात धरत गेलो, हजारोंची एक लांबच लांब साखळी झाली. तिला पॉलिमर म्हणतात. माझ्या अंगावर जागोजागी धनभार असतो आणि खराब झालेल्या केसावर ऋणभार. एवढ्यावरच माझं सगळं नशीब ठरलं.

धडधाकट केसाकडे मी फारसा वळत नाही. ब्लीचने, रंगाने ज्याचं वरचं कवच गेलं आहे, त्याच्याकडे मात्र ओढला जातो. जिथे इजा जास्त, तिथे माझी गर्दी जास्त. खरबरीत कडांवर मी पसरतो, केस एकमेकांत अडकत नाहीत, कंगवा सरसर खाली येतो आणि माणसं खूश होतात.

कारखान्यात पांढऱ्या कोटातल्या एक रसायनतज्ज्ञ बाई होत्या. शॅम्पूच्या बाटलीवरचा मजकूर लिहिणाऱ्या गृहस्थांना त्या म्हणाल्या, "हा थर केस बरा करत नाही, झाकतो. तसंच लिहा." ते हसले. म्हणाले, "बाई, झाकतो म्हटल्यावर घेईल कोण?" झाकली मूठ सव्वा लाखाची! बाटलीवर छापून आलं: केसांना नवं जीवन.

बाटलीत मी शॅम्पूत मिसळलेला असतो आणि साबण मला धरून ठेवतो. डोक्यावर पाणी पडून फेस पातळ झाला की त्याची पकड सुटते आणि मी केसावर उतरतो. तुम्हाला वाटतं, पाण्याने सगळं धुऊन गेलं. मी नेमका त्याच वेळी बसतो.

अशी एक बाटली दोन बहिणींच्या घरी आली. खाली थोरलीचं पार्लर, दोन खुर्च्या आणि एक बेसिन, आणि वर दोघींच्या राहायच्या खोल्या. थोरलीला सगळी गल्ली ताईच म्हणायची. तिच्या बोटांची ख्याती होती. एक बट चिमटीत धरून टोकापासून मुळापर्यंत बोटं नेली की या केसांना काय सोसेल, काय नाही, ते ती सांगायची. तरीही गिऱ्हाईक कुणीही असो, औषध लावण्याआधी ती एक केस कापून वाटीतल्या पाण्यात भिजवायची आणि ताणून बघायची. ताणून सोडल्यावर मागे आला तर ठीक. नाही आला, तर चहा पाजून परत पाठवायची.

धाकटीच्या केसांची गोष्टच वेगळी. चार वर्षांपूर्वी मोठ्या आजारपणात ते सगळे गळले होते. ताईने ते डोळ्यांत तेल घालून परत वाढवले. कंबरेपर्यंत आले तेव्हा पोरीपेक्षा तीच जास्त रडली होती म्हणे.

मग एकदा ताई आजारी आत्याच्या सोबतीला आठ दिवस परगावी गेली. इकडे धाकटीने मैत्रिणीचं ऐकून घरीच ब्लीच लावलं. केस गाजरासारखे झाले. घाबरून तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, मग त्यावर काळा रंग चढवला. आगीतून फुफाट्यात. केस केरसुणीसारखे झाले होते. तेव्हा तिने बाटली उघडली आणि मला तळहातावर घेतलं.

त्या केसांवर मी कसा बसलो म्हणून सांगू! आयुष्यात एवढं बोलावणं मला कधी आलं नव्हतं. ती रोज धुवायची, मी रोज थोडा जाड व्हायचो. ताई परतली तोवर केस हाताला नीट लागू लागले होते, महिन्याभरात ते लखलखू लागले. ताईला सांगायचं तिने आधी भीतीने टाळलं. नंतर तर तिला खरंच वाटू लागलं की केस बरे झाले, मग सांगायचं काय? खाली केस आतून पोकळ होत चालला होता, ते मला कळत होतं. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. मला बोलता कुठे येतं?

तीन महिन्यांनी धाकटीला एका मोठ्या दुकानात समोरच्या काउंटरवर नोकरी लागली. तिला सरळसोट केस हवे होते. ताई कित्येक दिवस नाहीच म्हणत होती. शेवटी एका दुपारी तिने धाकटीला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "खरं सांग, मी नसताना केसांना काही लावलं होतंस?"

"नाही गं ताई. तूच बघ ना हात लावून."

ताईने बट चिमटीत धरली. बोटं टोकाकडून मुळाकडे निघाली. ती केसावर नव्हतीच, माझ्यावरून चालली होती. मी त्या दिवशी खरबरीत व्हायला काय दिलं नसतं! पण मी गुळगुळीतच लागलो. ताईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पाण्याची वाटी शेजारीच होती. ती तिने बाजूला सारली. घरच्याच केसांना काय तपासायचं? हातच्या कांकणाला आरसा कशाला?

केस सरळ करायचं क्रीम लागलं. ते माझ्यातून सहज आत गेलं. मी फक्त बोटांना अडवतो, औषधाला नाही.

दहा मिनिटांनी ताईने कंगव्याच्या टोकाने एक केस ओढून पाहिला. तो रबरासारखा लांबत गेला आणि लांबलेलाच राहिला. तिने धाकटीला बेसिनकडे ओढलं आणि नळ पूर्ण सोडला. पाण्याबरोबर बटाच्या बटा तिच्या हातात येत गेल्या. जाळी तुंबली. बेसिन काळ्या पाण्याने भरत आलं आणि त्यात मीही तरंगत होतो.

तेव्हा धाकटीने रडत रडत सगळं सांगितलं. ताई ओरडली नाही. जाळीतला गुंता काढत ती म्हणाली, "तू खोटं बोललीस ते मी विसरेन. पण माझ्या बोटांनी मला आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं."

मग उरलेले केस तिने स्वतःच कातरीने अगदी मुळाशी कापले.

आता या गोष्टीला काही महिने झाले. माझा तो भाग गटारातून कुठे गेला, कोण जाणे. उरलेला मी पार्लरच्या फळीवर बाटलीच्या तळाशी आहे. गिऱ्हाइकं मागतात म्हणून ताई मला ठेवते, पण माझ्याकडे बघत नाही. धाकटीच्या डोक्यावर बोटभर नवे केस आले आहेत. सगळे निरोगी, माझा एक कणही त्यांवर नाही. परवा कामावरून आल्यावर तिने नेहमीसारखं ताईच्या मांडीवर डोकं टेकवलं. ताईचा हात उचलला गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिने फक्त एक केस कापून घेतला आणि पाण्याची वाटी आणायला उठली. धाकटी तशीच वाट बघत बसली.

तुम्हाला दूषण द्यायचा मला अधिकार नाही. मला घडवलंय तसा मी वागतो. एवढंच सांगतो, आज आंघोळीनंतर केसांवरून हात फिरवलात आणि तुमचं मन निवांत झालं, तरीही एक केस पाण्यात भिजवा आणि ताणून बघा. कारण तुमच्या बोटांना जो लागला, तो मी होतो.