गिटारीवरचा अभिषेक

ओकाला गावच्या चर्चमध्ये स्टील गिटार, म्हणजे पुढ्यात आडवी ठेवून, पायानं पेडल दाबत वाजवायची गिटार, बोलायला लागली की गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याही बाक सोडून नाचत. ती वाजवणारा म्हातारा गेल्यावर गिटार त्याच्या मुलीकडे, ओडेसाकडे आली आणि तिथंच माशी शिंकली. बाईमाणसानं स्टील वाजवायला बसावं हे पास्टर गेन्सना पटेना, पण वाजवणारं दुसरं कोणी नव्हतं. मग त्यांनी निदान गिटारीला अभिषेक केला. आशीर्वादाचं ऑलिव्ह तेल ओतलं, तेही सढळ हातानं.

पुढे पुढे पेडल दाबलं की सूर चढे, पण पाय उचलला तरी खाली येईना. भर प्रार्थनेत गिटार बेसूर झाली. देवानं या बाईला नाकारलंय, येत्या रविवारपासून गिटारीऐवजी ऑर्गन, असा निकाल पास्टरांनी तिथल्या तिथं देऊन टाकला. देवाच्या नावावर आपलं घोडं दामटायला यांना कोणी शिकवलं, कोण जाणे.

शनिवारी ओडेसानं चर्चच्या पायरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गिटार उघडली. तारा ओढणाऱ्या बारीक पट्ट्यांमध्ये ते तेल गोंदासारखं घट्ट बसलं होतं. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल त्यांवर टाकून ती ब्रशनं घासू लागली. सिस्टर क्लोटील्ड जाता जाता थबकली आणि अभिषेकाचं तेल पुसणं म्हणजे पाप, असं बजावून गेली. ओडेसानं हात थांबवला नाही. पट्ट्या कोरड्या झाल्यावर तिनं सांध्यासांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि जास्तीचं टिपून घेतलं.

रविवारी कोणाला न विचारता ती स्टीलवर जाऊन बसली. प्रवचन रंगात आलं तसं तिनं पेडल दाबलं. सूर चढला आणि पाय उचलताच नेमका जागेवर आला. पास्टरांच्या प्रत्येक वाक्याला गिटार उत्तर देऊ लागली. बघता बघता सगळं चर्च उभं राहिलं, टाळ्यांचा ठेका धरला गेला, क्लोटील्डसुद्धा नाचू लागली.

पास्टर तेलाची बाटली घेऊनच व्यासपीठावरून खाली उतरले. "अभिषेक धुऊन टाकलास, पोरी. तो पुन्हा करावा लागेल."

ओडेसानं दोन्ही हात तारांवर पसरले.

"हिच्यावर एक थेंबही नाही, पास्टर. वाजवणारी मी आहे. ओतायचंय तर इथं ओता."

तिनं डोकं पुढे केलं. बाटलीचं बूच निघालेलं होतं आणि सगळं चर्च बघत होतं. पास्टरांना तेल ओतावंच लागलं.