एका खोलीची ऊब

पट्टीमागचा कागद नखाला सुटत नव्हता... काळी, मऊ, बोटभर रुंद रबराची पट्टी. नवरा खिडकीपाशी स्टुलावर उभा राहून, मागे हात करून वाट पाहत होता. तिला वाटलं, मुद्दाम सावकाश सोडवावा. राहू दे उभा.

फटी बुजवायच्या, जुन्या पांघरुणांचे जाड पडदे शिवायचे, आणि हिवाळाभर एकच खोली तापवायची, बाकीच्या बंद — हे खूळ त्याने कुठल्याशा व्याख्यानातून आणलं होतं. पृथ्वी तापतेय म्हणे. घर गारठून किती वर्षं झाली, त्यावर कोण देतंय व्याख्यान?

'एकच खोली' असं तो सकाळी चहा पिताना म्हणाला, आणि ती मनात हसली — आलं लक्षात! लेक लग्न होऊन गेली त्याच आठवड्यात ती आपली उशी उचलून लेकीच्या छोट्या खोलीत आली होती. त्याने कारण विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आणि आता तोंडाने 'परत ये' म्हणवत नाही, म्हणून स्वारीने पृथ्वीला मध्यस्थ घातलंय! नाही म्हणजे नाही. काय बोलायचं तेही ठरलं होतं... मग दुपारी त्याच्या पलंगासाठी धुतलेला अभ्रा का काढून ठेवला? मळलेला बघवेना म्हणून. दुसरं काय!

"दे."

तिने पट्टी दिली. तो अंगठ्याने ती चौकटीत दाबत गेला... तिचं डोकं दुखायचं तेव्हा याच अंगठ्याने कपाळ दाबत बसायचा, एके काळी. पण ही तर छोट्या खोलीचीच खिडकी. बंद ठेवायच्या खोलीच्या फटी कशाला बुजवायच्या?

"मोठ्या खोलीचं कधी करायचं?"

"ती बंदच ठेवायची. तापवायला फार वीज खाते. ही लहान, लवकर तापते. हीटर इथेच राहू दे, तुला."

"आणि तुम्ही?"

"स्वयंपाकघरात टाकीन गादी. शेगडीची ऊब राहते तिथे." तो खाली उतरला. "तुला काही हलवायला नको. बरं झालं ना?"

तिने त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, टोमणा शोधला, निदान रुसवा... गणित सुटल्याचं समाधान तेवढं होतं.

"बरं झालं," ती म्हणाली.

तो गादी ओढत स्वयंपाकघराकडे गेला. खोली खरंच तापू लागली होती. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली — एकदा विचारलं असतं, नुसतं एकदा, तर आपण नाही म्हणालो असतो... असतो का? तिला त्याचा संताप आला, मग स्वतःचा, आणि त्यातला कुठला खरा, ते काही केल्या ठरेना.