दुधाला काय म्हणतात

कान गेल्यापासून म्हातारीला सगळ्यात जास्त शिसारी कशाची येत असेल, तर लेकाच्या तोंडाची. ती म्हशीखाली धार काढायला बसली की हा येणार, तिच्या कानाला तोंड लावणार आणि तंबाखूच्या थुंकीसकट ओरडणार, "आवर लवकर, डेअरी बंद होईल." ती पदरानं कान पुसत राहायची. भरलेली किटली मग तोच घेऊन जायचा.

"लोक काय म्हणतात रे आपल्या दुधाला?"

"लई वाखाणतात."

म्हणून डेअरीची माणसं रस्त्यात भेटून हसत काही बोलली, की तीही हसून मान डोलवायची.

सून मागे लागली तेव्हा कुठं लेक तिला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठं अडतं तुमचं?"

"कुठं नाही," लेकच बोलला. "घरातच तर असते. टीव्हीपुरतं ऐकू आलं तरी बास."

बाईंनी खुर्ची फिरवली आणि म्हातारीच्या समोर तोंड करून सावकाश विचारलं, "आजी, मी तुम्हाला विचारतेय. तुम्हाला काय ऐकायचंय?"

किती दिवसांत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. आधी तिला रागच आला. मग ती म्हणाली, "डेअरीत माझ्या दुधाला काय म्हणतात, ते."

"तिथं कशाला? गर्दी असते," लेक घाईघाईनं म्हणाला.

"मग गर्दीतच बघू. कानाला हे यंत्र लावून आठवडाभर जा, आजी. आणि काय ऐकलं ते तुम्हीच येऊन सांगा मला."

दुसऱ्या दिवशी लेकानं नाना सबबी सांगितल्या. तिनं किटली काही सोडली नाही.

डेअरीत कॅनच्या खणखणाटानं तिचं डोकं उठलं. मापाड्यानं पाणी ओळखायची काचेची नळी दुधात सोडली, पाहिली, परत सोडली. "काय म्हातारे, आज नळ कोरडा होता वाटतं?"

रांग खदखदली. मागची बाई म्हणाली, "तिला कुठं ऐकू येतंय. बघा, आता हसेल."

आणि सवयीनं ती हसलीच होती. ते हसू आता तोंडावरून काढावं कसं ते तिला कळेना. लेकाची किळस आली, या दात काढणाऱ्यांची आली, आणि सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या डोलणाऱ्या मानेची.

"येतंय ऐकू," ती म्हणाली. "पाणी माझा लेक घालत होता. त्याच्याकडं मी बघते. पण तुम्हाला ठाऊक होतं ना सगळ्यांना? एकानं तरी खुणेनं सांगायचं. हसत काय बसला होता?"

कुणी वर बघेना. मापाड्यानं दूध ओतून घेतलं, फॅटच्या यंत्रावर तपासलं आणि आकडा टिपायला पेन उचललं.

"नुसतं लिहू नकोस," ती म्हणाली. "किती फॅट लागली ते मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."