झेलिगच्या हाकेला कुणी ओ दिली नाही

शुक्रवारी दुपारी प्रार्थनाघरामागच्या स्वयंपाकघरात सहा बायका कांदे चिरत होत्या. पाच जणींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नेहामाचे डोळे कोरडे होते. हिला कांदासुद्धा रडवू शकत नाही, असं बायका तिच्यामागे म्हणायच्या.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं होतं. एकदा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागला की चूल पेटवायची नाही, एक अक्षर लिहायचं नाही. म्हणून शुक्रवारी यरुशलेमच्या त्या दगडी गल्लीतली प्रत्येक बाई दोन दिवसांचं काम एका दिवसात उपसायची. वाल, जव आणि मांसाचे हंडे भट्टीवाल्याकडे जायचे, रात्रभर मंद आचेवर शिजायचे. शनिवारी प्रार्थना आटोपली की पुरुष त्यावर तुटून पडायचे आणि देवाचे आभार मानायचे. बायकांचे आभार मानायची प्रार्थना कुणी रचलेली नव्हती.

"नेहामा," कारभारी मोटकेची बायको गिटेल लाडिक आवाजात म्हणाली, "शेवयांचा गोड केक तूच कर गं बाई. तुझ्या हातची चव दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही. उद्याचा दिवस मोठा आहे."

"उद्या काय आहे?"

पाचही सुऱ्या थांबल्या. गिटेल एप्रनला नाक पुसत पुटपुटली, "अगं, आमच्या ह्यांनी ठरवलंय. झेलिगला तोराची पोथी वाचायला लागून दहा वर्षं झाली ना. प्रार्थनेनंतर सगळ्यांना खायला घालायचं. सत्कार म्हण."

"म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सत्काराचं मी रांधायचं."

"तसं नव्हे गं! तू आपली चांगली करतेस म्हणून..."

"साखर किती घालू? त्याला फार गोड लागतं."

सुऱ्या पुन्हा चालू लागल्या. नेहामाने अंडी फोडायला घेतली.

झेलिग तिला सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली होती. फार लांब गेला नव्हता. दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहत होता. जाताना भांडी नेली, पुस्तकं नेली, पण सोडचिठ्ठी दिली नाही. आणि ह्या लोकांच्या धर्मात सोडचिठ्ठी फक्त नवऱ्याने द्यायची असते. त्याने स्वखुशीने लिहवून बायकोच्या हातात टाकली, तरच ती मोकळी. तोवर ती बांधलेली. तिने दुसऱ्याशी संसार मांडला तर ती व्यभिचारिणी, आणि तिच्या पोरांना असा डाग की दहा पिढ्या कुणी मुलगी देणार नाही. ही बेडी ज्याने घडवली तो पुरुष होता हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही.

झेलिगला तिच्याकडून काही नको होतं. घर नको, दागिना नको. एकदा दारात उभा राहून हसत म्हणाला होता, "तुझे केस पांढरे झाले की देईन." किल्ली आपल्या खिशात आहे, एवढंच सुख त्याला पुरत होतं. गल्लीचे धर्मगुरू, रब्बी, ह्यांच्यासमोर त्याने तीनदा शब्द दिला आणि तीनदा मोडला. दर वेळी रब्बी एल्याकिम तिला म्हणाले, "धीर धर, पोरी." आणि दर शनिवारी हाच झेलिग पांढरी शाल पांघरून वाचनाच्या मेजापाशी उभा राहिला की पुरुष माना डोलवायचे. काय आवाज! जणू देवदूत गातोय! गल्लीत दुसरा वाचणारा नव्हता. गळा गोड असला की माणसाला काय काय माफ होतं, ते त्या गल्लीत बघावं.

आशेर नावाचा एक बुकबाइंडर तिच्यासाठी चार वर्षं थांबला. ती शब्बाथला मुलींचा वर्ग घ्यायची, त्या वर्गाची फाटकी प्रार्थनापुस्तकं तो शिवून आणून द्यायचा. दारातच उभा राहायचा, आत कधी आला नाही. गेल्या मंगळवारी त्याचं लग्न झालं. आदल्या दिवशी तो सांगायला आला होता.

"मला पोरंबाळं हवी होती, नेहामा."

"मलाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गेल्याच शनिवारच्या वर्गात दहा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला होता. "बाई, तुमचं लग्न झालंय की नाही झालं?" बाकीच्या मुली खुसखुसल्या. नेहामाने पान उलटून पुढचं वाचायला घेतलं. तो धडा होता विधवेला नि अनाथाला छळू नका ह्या आज्ञेचा.

केक भट्टीवाल्याकडे पोचवायला निघाली तेव्हा यखेवेद मावशी तिच्या मागोमाग आली. मावशी सत्तरीची. गल्लीतल्या मेलेल्या बायकांना न्हाऊ घालायचं काम तिचं, त्यामुळे जिवंत माणसाला ती घाबरत नसे.

"अंडी फोडताना तुझा चेहरा बघितला," मावशी म्हणाली. "मला वाटलं, ह्यातलं एक अंडं झेलिगचं डोकंच आहे."

"सगळीच होती."

"विष घातलंस?"

"नाही."

"बरं केलंस. मयत पुरुषांचं खातं माझ्याकडे नाही, मजा बघायला मिळाली नसती." मग मावशी थांबली, दम खाल्ला. "आमच्या पोलंडातल्या गावी एका मोलकरणीला गावच्या बड्या माणसाने फसवलं होतं. कुणी दाद देईना. तर शनिवारी तोरा मेजावर ठेवली तशी ती पोर पुरुषांच्या दालनात शिरली आणि मेजावर हात आपटून म्हणाली, वाचन थांबवा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला तो हक्कच आहे. न्याय मिळेपर्यंत तोरा उघडायची नाही. जुना रिवाज आहे."

"मग काय झालं?"

"मग काय! दुपारपर्यंत सगळे उपाशी बसले. उपाशी पुरुषाला न्याय फार लवकर सुचतो."

"तो रिवाज इथे चालतो?"

"मोडलाय कुणी? वापरत नाही कुणी, एवढंच. वापरायला बाई लागते."

शनिवारी सकाळी बायकांचा सज्जा गच्च भरला होता. सज्ज्याला लाकडी जाळी. जाळीतून खाली पुरुषांच्या टोप्या दिसायच्या आणि मधोमध वाचनाचं मेज. तोरा ठेवायची पेटी उघडली, सगळे उठले, मखमली आच्छादनातली तोराची गुंडाळी पुरुषांतून मिरवत मेजाकडे आली. झेलिगने शाल सावरली, घसा साफ केला. तो याजकांच्या घराण्यातला, म्हणून वाचनाचा पहिला मानही त्याचाच.

नेहामा उठली.

"कुठे गं?" गिटेल कुजबुजली. "प्रार्थनेच्या मध्येच?"

"केक कसा झालाय ते बघून येते."

ती जिना उतरली. पुरुषांच्या दालनाचं दार तिने ढकललं तेव्हा आधी कुणाला कळलंच नाही. मग बाकांच्या रांगांमधून ती चालत आली तशी एकेका बाकावरची कुजबुज थांबत गेली. मेजापाशी येऊन तिने तळहात आपटला. असा आपटला की वाचताना ओळींवर फिरवायचा चांदीचा काटा उडून खाली पडला.

"मी वाचन थांबवते," ती म्हणाली. "ह्या माणसाने आठ वर्षं मला बांधून ठेवलंय. जोवर मला न्याय नाही, तोवर ही तोरा उघडायची नाही."

एकच गलका झाला. कारभारी मोटके हात नाचवत धावला. "वर जा! वर जा बाई! हे काय बाजार आहे का?"

"बाजारात निदान वजन खरं असतं, मोटके."

झेलिग हसला. तेच दारातलं हसू. "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकटी राहते, बिचारी. कुणीतरी पाणी द्या हिला."

"रब्बी," नेहामाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, "हा रिवाज आहे की नाही, एवढंच सांगा. नाही म्हणालात तर मी आत्ता वर जाते आणि पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाही."

रब्बी एल्याकिम म्हातारे होते, भले होते आणि भित्रे होते. त्यांनी दाढी कुरवाळली, मोटकेकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "आहे. रिवाज आहे."

"मी शब्द देतो," झेलिग चटकन म्हणाला. "आज शब्बाथ, लिहिता येत नाही. उद्या सोडचिठ्ठी देईन. झालं? आता सर बाजूला."

"हा तुझा चौथा शब्द," नेहामा म्हणाली. "पहिले तीन कुठे ठेवलेस?"

मागच्या बाकावरून खाटीक उठला, बाह्या सारत. "रब्बी, मला दोन मिनिटं द्या. बाहेर नेतो त्याला. आतला माणूस बाहेर काढतो."

"नको!" रब्बी ओरडले. "मारून घेतलेली सोडचिठ्ठी रद्द होते. मग ही जन्मभर बांधलेली राहील. हात लावायचा नाही." ते थांबले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नेहामाकडे नीट पाहिलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली. "पण पाठ फिरवायला मनाई नाही. अशा माणसाला प्रार्थनेत धरू नये, त्याला सलाम करू नये, त्याच्याशी बोलू नये, असं आपल्या थोरांनीच सांगून ठेवलंय. हे मी आधी सांगायला हवं होतं." आणि रब्बी खाली बसले, शाल डोक्यावरून ओढून घेतली, भिंतीकडे तोंड केलं.

झेलिगचा तोल गेला तो इथे. त्याला वाटलं, आपला गळाच आपल्याला तारील. एकदा सूर लागला की हे सगळे विरघळतील, नेहमीसारखे. त्याने नेहामाचा हात मेजावरून झटकला, गुंडाळी उघडली आणि पुकारा केला, "स्तुती करा परमेश्वराची, जो स्तुत्य आहे!"

ह्या पुकाऱ्याला सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं. उत्तर आल्याशिवाय वाचणाऱ्याला पुढे जाता येत नाही. काय सूर लागला होता! त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुरेल पुकारा तो. छतापर्यंत गेला, सज्ज्याच्या जाळीतून फिरला आणि विरून गेला.

कुणी ओ दिली नाही.

मोटकेने तोंड उघडलं. त्याच क्षणी वरून, जाळीमागून, गिटेलचा आवाज कडाडला, "मोटके! एक शब्द काढलास तर घरी येऊ नकोस! तिच्या हातून मी काल सत्काराचा केक करवून घेतलाय. मला रात्रभर झोप नाही!"

मोटकेने तोंड मिटलं.

झेलिगने पुन्हा पुकारा केला. ह्या वेळी आवाज चिरकला. एक जण पाठमोरा झाला, मग त्याच्या शेजारचा, मग अख्खा बाक. शालींच्या पाठीच पाठी. ज्या माणसांनी दहा वर्षं त्याच्या आवाजावर माना डोलवल्या, त्यांचा एक चेहरा त्याला दिसेना. नेहामा मात्र समोर उभी होती, त्याच्या डोळ्यांत बघत. तिला हे बघायचं होतं. त्याच्या कपाळावरचा घाम, मेजाची कड धरलेली बोटं, सगळं तिने सावकाश पाहिलं, जसं भुकेलं माणूस सावकाश जेवतं. दया आली नाही. का यावी?

त्या दिवशी तोरा न वाचताच पेटीत गेली. गल्लीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

रविवारी झेलिगला भट्टीवाल्याने पाव दिला नाही. सोमवारी सकाळी तो दुसऱ्या गल्लीतल्या प्रार्थनाघरात जाऊन उभा राहिला, तर तो आत येताच तिथले सगळे मुकाट्याने बाहेर निघून गेले. बुधवारी तो रब्बींच्या दारात आला. दाढी वाढलेली. म्हणाला, "लिहा. स्वखुशीने देतो."

लेखनिकाने बारा ओळी लिहिल्या. सोडचिठ्ठी बारा ओळींचीच असते. दोन साक्षीदारांनी सही केली. नेहामाने ओंजळ धरली, झेलिगने कागद वरून सोडला. ती काखेत धरून चार पावलं चालली, आणि मोकळी झाली. एकोणचाळीस वर्षांची होती.

"देवाची कृपा," रब्बी डोळे पुसत म्हणाले. "आता मन मोठं कर, पोरी. माफ केलं म्हण. बिचाऱ्याला पुन्हा वाचू दे. शनिवारी वाचणार कोण?"

"तुम्ही वाचा. बेसूर वाचा, देवाला चालेल."

"नेहामा, सूड वाईट."

"आठ वर्षं तो सूड नव्हता, रब्बी? तेव्हा तुम्ही मला धीर शिकवलात. मीही त्याला धीरच शिकवतेय." मग ती झेलिगकडे वळली. "तू शाल पांघरून कुठेही उभा राहा. पण जिथे उभा राहशील तिथे मी येईन आणि मेजावर हात ठेवीन. मी जिवंत आहे तोवर तू तोरा वाचणार नाहीस. शब्द देते. आणि माझा शब्द पहिलाच आहे."

झेलिगने तोंड उघडलं. पण गेल्या पाच दिवसांत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं, आणि कुणाशी काय बोलावं हे तो जणू विसरला होता.

पुढल्या शनिवारी नेहामा आपल्या प्रार्थनाघरात गेलीच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथल्या सज्ज्यात ती जाऊन बसली. यखेवेद मावशीने पत्ता दिला होता. कोपऱ्यात मिखाल नावाची पंचविशीची एक बाई बसली होती. तिचा नवरा खाली पहिल्या बाकावर बसून मोठमोठ्याने प्रार्थना म्हणत होता. चार वर्षं तो तिला सोडचिठ्ठी देत नव्हता.

पेटी उघडली. तोरा मेजाकडे निघाली.

"मला नाही जमणार हो," मिखाल जाळीतून खाली बघत म्हणाली. "सगळे बघतील."

"बघू देत. तेवढ्यासाठीच जायचं आहे."

"माझे पाय उचलत नाहीत."

"माझेही उचलत नव्हते," नेहामा म्हणाली. तिने मिखालचं मनगट धरलं आणि जिन्याचं दार उघडलं.