हात धुवायची जागा

खिरीसाठी ओलवलेल्या गव्हावरचं पाणी तुळजाबाईनं पितळी पातेल्यात निथळून घेतलं आणि पातेलं पदराआड धरून ती मागच्या दाराकडे निघाली. दोन तांबे भरतील एवढंच पाणी होतं, पिठूळ आणि कोमट. उखळाशी मुसळ घेऊन बसलेल्या शेजारच्या बायनाबाईनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मुसळ उचललं. दोघी एकाच साली या गावात सुना म्हणून आल्या होत्या. सगळंच विचारायची गरज आता उरली नव्हती.

मागच्या दारात नवरा समोर आला. आसारामच्या खांद्यावर पळसाच्या पत्रावळींची चळत होती.

"कुठं चाललीस?"

"धुवण हाय गव्हाचं. टाकून येते."

"टाकू नको. कालवडीला दे. दोन दिस झालं, तिला पोटभर पाणी न्हाई."

मग तिनं पातेलं गोठ्याच्या दारात नेऊन ठेवलं. कालवडीनं एका दमात ते चाटून कोरडं केलं. गोठ्याच्या पलीकडे, भिंत संपते त्या कोपऱ्यात छातीएवढं आंब्याचं रोप होतं. त्याची पानं कालपासून खाली लोंबायला लागली होती. तुळजाबाईनं रिकामं पातेलं उचललं आणि तिकडे न बघता ती आत आली.

दोन दिवसांनी तिच्या लेकराचा, उत्तरेश्वरचा, पहिला वाढदिवस होता.

लेकरू पोटात असताना आसारामनं कपिलधारला जाऊन धारेखाली उभं राहून देवाला शब्द दिला होता की, पोर वर्षाचं झालं तर अकरा माणसांना जेवू घालीन. अकरा माणसांचं तुळजाबाईला काही वाटलं नव्हतं. पण पौषात शेतसारा भरायला आसाराम बीडला गेला आणि त्याच दिवशी तिथं तहसीलदारसाहेबांच्या नातवाची सालगिरह, म्हणजे वाढदिवस, होता. अंगणात मांडव, दारात सनई, आल्यागेल्या प्रत्येकाच्या हातावर मिठाई. बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या आसारामलाही कुणीतरी दोन पेढे आणून दिले. ते त्यानं खाल्ले नाहीत. रुमालात बांधून घरी आणले, एक तुळजाबाईला दिला, दुसरा कुस्करून लेकराच्या ओठाला लावला आणि म्हणाला, "आपण गाव जेवू घालू."

"अवं, अकरा बोलला व्हतात."

"अकरा माणसांना काय दिसतंय? लेकरू जगलंय, समद्या गावानं बघावं."

घरात गहू होता, गूळ होता, दोन म्हशींचं तूप साठवलेलं होतं. जमीन काळी आणि बरी, माणूस कष्टाचा. जेवण घालायला आसाराम कुणापुढं हात पसरणार नव्हता. पण मागचा पावसाळा कोरडा गेला होता. ओढा माघातच आटला. गावातल्या चार विहिरींपैकी दोनच जिवंत होत्या आणि आसारामच्या विहिरीत चैत्र लागताना गुडघाभर पाणी उरलं होतं. मोट केव्हाच उतरवून ठेवली होती. पोहरा सोडला की तळाच्या दगडाला लागल्याचा आवाज वर यायचा. तीनशे माणसांचं जेवण म्हणजे तीनशे माणसांचं पाणी. गहू ओलवायला पाणी, डाळ शिजवायला पाणी, प्यायला रांजणं भरायची ती वेगळीच. म्हणून गडीमाणूस बंकट याला विहिरीच्या काठावर बसवून आसारामनं आठ दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं, घरात माणशी दोन तांबे, त्याच्या वर एक थेंब नाही. जनावरं दोन कोसांवरच्या झऱ्याला न्यायची.

आठ दिवस तुळजाबाईनं आपल्या दोन तांब्यांतला एक मागच्या कोपऱ्यात नेऊन ओतला होता. तिथली जमीन मुरमाड. पाणी ओतलं की सूं करून आत जायचं आणि घटकाभरात वरची माती पुन्हा पांढरी पडायची.

ते रोप कौसानं लावलं होतं.

कौसा ही त्यांची पहिली लेक. जेठात जन्मलेली, सावळी, कपाळावर जावळाची एक बट कायम पुढं आलेली. तिला तीन वर्षं पुरी झाली त्या दिवशी घरात विशेष काही नव्हतं. तुळजाबाईनं तिला न्हाऊ घालून ओवाळलं आणि आढीतला एक पिकला आंबा तिच्या हातात दिला. "ह्यो समदा तुझा," ती म्हणाली. एरवी एका आंब्याच्या चार फोडी व्हायच्या. अख्खा आंबा आपला, हे कौसाला बराच वेळ खरं वाटेना. तिनं तो आधी घरभर मिरवला. बायनाबाईला दाखवला, म्हशींना दाखवला. मग उंबऱ्यावर बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्ला. कोय पांढरी होईतो चोखली आणि मागच्या कोपऱ्यात पुरली. रोज करवंटीनं तिला पाणी घालायची. दोन दिवस झाले की उगवलं का ते बघायला उकरायची. तुळजाबाई रागवायची आणि हसायची. तेव्हा विहिरीला हातानं वाकून घेता येईल एवढं पाणी होतं.

श्रावणात तांबूस कोंब वर आला. कौसा त्याच्याशी उंची मोजायची. दिवाळीच्या तोंडावर मानमोडीचा ताप गावात शिरला. घरटी एक-दोन माणसं गेली. कौसा तीन दिवस तापली आणि चौथ्या दिवशी सकाळी गेली. आसाराम त्या वेळी सरकी घेऊन माजलगावच्या बाजाराला गेला होता. तो परत आला तोवर चुलत्यानं, तात्याबानं, पोरीला बांधाच्या कडेला माती देऊन दोन दिवस झाले होते. आसारामनं बैल सोडले नाहीत. जुवावर हात ठेवून तो किती तरी वेळ अंगणात उभा होता. बाजारातून आणलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या गाडीतच राहिल्या. त्यांचं पुढं काय झालं ते तुळजाबाईला कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून त्याच्या तोंडून पोरीचं नाव निघालं नाही. मागच्या कोपऱ्याकडे तो फिरकत नसे. गोठ्यात जायचं तर पुढच्या अंगणातून वळसा घालून जाई. सुरुवातीला तुळजाबाईला वाटायचं, दुखतं म्हणून जात नसेल. मग उत्तरेश्वर झाला, त्याला खांद्यावर घेऊन आसाराम गावभर हिंडू लागला आणि तिनं मनाशी ठरवून टाकलं, हा माणूस विसरला. त्याचा राग धरावा असंही तिला वाटेना. फक्त रोपाला पाणी घालताना ती एकटी पडायची.

आदल्या दिवशी दुपारी तात्याबा ओट्यावर येऊन टेकले. आत तुळजाबाई बुंदी पाडत होती. बोलणं ऐकू येत होतं.

"आसाराम, पिण्यापुरतं भागंल रं. पर हात धुवायला कशाला पाणी काढतूस? लोक समजून हायेत. मातीनं पुसतील हात."

"न्हाई, तात्या. माज्या दारी जेवला तो खरकट्या हातानं जाणार न्हाई."

"तीनशे माणूस हाय बाबा. माणशी तांब्या धरला तरी..."

"आर्धा देऊ. पर देऊ."

झारा तुळजाबाईच्या हातात तसाच राहिला. तेलातली बुंदी करपली. बायनाबाईनं तिच्या हातून झारा काढून घेतला.

"जाऊ दे," बायनाबाई हळूच म्हणाली. "एका दिसाचं हाय. उद्या झालं की पुन्हा घाल."

"उद्यापर्यंत न्हाई टिकायचं ते," तुळजाबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत. चुलीचा धूर होताच.

वाढदिवसाला सकाळपासून माणसं यायला लागली. कुणी घरून तांब्या घेऊन आलं, कुणी पाट. उत्तरेश्वरला नवी कुंची घातली, पाटावर बसवून पाच सवाष्णींनी ओवाळलं. निरांजनाची ज्योत धरायला तो हात पुढं करी आणि बायका हसत. तुळजाबाईनंही ओवाळलं. तबक खाली ठेवताना तिला तो आंब्याच्या रसानं माखलेला कोपर आठवला. मग चार बायका खिरीत गूळ किती म्हणून विचारायला आल्या आणि ती आत गेली.

पहिली पंगत पुरुषांची बसली. पत्रावळींवर खीर, तुपाची धार, वरण, बुंदी. चैत्राच्या उन्हात दुष्काळाच्या साली असं जेवण लोकांनी पाहिलं नव्हतं. म्हातारे खिरीचे भुरके मारत होते, पोरं बुंदी खिशात घालत होती. आतून वाढप सांभाळताना तुळजाबाईला मान वर करायला उसंत नव्हती. दुसरी पंगत उठली तेव्हा बायनाबाई रिकामी परात घेऊन आली.

"भावजींचं काय बिनसलंय का गं?"

"कावून?"

"यजमानानं पंगतीत फिरावं, आग्रह करावा. तर ह्ये मागं उभे. सकाळधरनं समद्यांच्या हातावर पाणी घालत्यात. बंकट घालतो म्हनला तर त्याला हाकलला. तात्याबा कुरकुर करायलेत, गड्याचं काम मालक करतोय म्हनून."

"मागं कुठं?"

"गोठ्याच्या पल्याड. कोपऱ्यात."

तुळजाबाईच्या हातातली पळी वरणात पडली. त्या अरुंद जागेत तीनशे माणसांची पावलं. रोप आधीच मरायला टेकलेलं, त्यात कुणी त्याला धरून उभं राहील, कुणाचं धोतर अडकेल, कुणी पोर फांदी ओढील. तिला धावत जावंसं वाटलं. पण बायकांची पंगत बसत होती आणि पहिल्या वाढीला घरच्या सुनेनं नसावं, हे होण्यासारखं नव्हतं. ती वाढत राहिली. सासुरवाशिणींना आग्रह केला, म्हाताऱ्यांना तूप जास्त घातलं, कुणी लेकराला मागितलं तर दिलं. सगळं करताना तिचं लक्ष मागच्या दाराकडे होतं.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. शेवटची गाडी वेशीकडे वळली. बायनाबाईनं उरलेली खीर झाकून ठेवली. उत्तरेश्वर कुरकुरत होता. त्याला कडेवर घेऊन तुळजाबाई मागच्या दारानं बाहेर पडली.

कोपरा तुडवला गेलेला नव्हता. रोपाभोवती हातभर अंतरावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं, ताज्या तोडीचं. कुंपणाच्या बाहेर धुण्याचा मोठा दगड आणून बसवला होता, रोपाच्या बाजूला किंचित उतार देऊन. दगडापासून एक बोटभर खोल चर निघून कुंपणाखालून आत जात होता आणि आत मुळांभोवती सुपाएवढं आळं केलेलं होतं. आळ्यात गढूळ पाणी उभं होतं. त्यावर खिरीतले चार गव्हाचे दाणे आणि तुपाचे बारीक डोळे तरंगत होते. पानं अजून पूर्ण वर आली नव्हती, पण खालची दोन सरळ झाली होती.

आसाराम दगडाशेजारी उकिडवा बसला होता. बाराबंदी कोपरापर्यंत भिजलेली. पुढ्यात तळाशी थोडं पाणी असलेली घागर. सकाळपासून तो उभा होता, अजून जेवला नव्हता.

तुळजाबाई दगडापाशी आली. मग त्यानं तांब्या भरला.

"ये. हात पुढं कर."

तिनं आधी उत्तरेश्वरचे चिकट हात पुढं केले. आसारामनं बारीक धार धरली. लेकरानं ती मुठीत पकडायचा प्रयत्न केला. मग तिनं आपले हात पुढं केले. दिवसभराचा गूळ, पीठ, हळद, सगळं दगडावरून ओघळत चरात गेलं. हात स्वच्छ झाले तरी तिनं ते मागं घेतले नाहीत आणि त्यानंही धार तोडली नाही.

"अकरा माणसांच्या हातानं भिजलं नसतं," तो रोपाकडे बघत म्हणाला. "मुरूम हाय इथं."

तिनं मान हलवली.

घागरीत उरलेलं पाणी त्यानं तांब्यात घेतलं. तो ओतायचा थांबला. तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"कौसाचा वाढदिस कवा असतो?" त्यानं विचारलं. "मला तिथी ठाव न्हाई."

तुळजाबाईनं उत्तरेश्वरला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती त्याच्याशेजारी दगडावर टेकली.

"जेठात," ती म्हणाली. "वटपुनवंच्या दुसऱ्या दिशी."