समोरचा कॅमेरा

मेरेओनीने फोनचा समोरचा कॅमेरा थेट नाकाजवळ नेला, तशी तिची मामेबहीण वानी फिसकन हसली.

"दाखव, सगळ्या सुवा शहराला नाकपुड्या दाखव!"

"दाखवीनच! अगं बघ, पापणीन् पापणी दिसतेय!"

फिजीतल्या त्या दुकानदाराने काचेवर दोन फोन मांडले होते. एक मधल्या दर्जाचा, पण कोराकरकरीत, सीलबंद खोक्यातला. दुसरा, मेरेओनीच्या हातातला, तीन वर्षांपूर्वीचा सगळ्यात भारी. कुणीतरी वापरून परत केलेला, दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला. किंमत दोन्हींची सारखीच.

"कुणाचा तरी उष्टा फोन," वानी म्हणाली. "नव्याला दोन वर्षांची गॅरंटी आहे, वेडे."

"गॅरंटीत आई दिसते का?"

मेरेओनीची आई दीड वर्षापासून ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडत होती. मार्चपासून दर रविवारी पडद्यावर तिचा चेहरा नुसता धुकं होऊन यायचा. आपलाच फोन म्हातारा झालाय, अशी मेरेओनीची खात्री होती. चटया विकून साठवलेले सगळे डॉलर मोजून तिने उष्टा फोन घेतला.

रविवारी चर्चमधून आल्याआल्या तिने फोन लावला. पलीकडे तेच धुकं.

"आई! एवढा भारी फोन घेतला, तरी तू तश्शीच?"

"तुझा फोन चांगलाय गं. माझ्याच कॅमेऱ्याची काच फुटलीय. जुना आहे हा."

"आणि नाताळात घेतलेला?"

"इथे माझ्यासोबत टोमॅटो तोडणारी लुसियाना 'केरेकेरे' म्हणाली. तिचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं, तिकडे गावी."

केरेकेरे म्हणून आपल्या माणसाने मागितलं की द्यायचं असतं. ते मेरेओनीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तरी तिचे गाल फुगले.

"मला सांगायचंस तरी."

"मेरे, उजेडाकडे वळ बघू. हनुवटीवर व्रण कसला?"

"तो? मे महिन्यातला. रग्बीत पडले होते."

"आणि इतकी उंच कधी झालीस?"

मेरेओनीला हसू आलं. शाळेचं, वानीचं, नव्या संघाचं, केवढं सांगायचं होतं! तिने तोंड उघडलं.

"थांब," आई म्हणाली. "नंतर बोल. जरा अशीच बस."

मेरेओनीने केस कानामागे सारले, फोन दोन्ही हातांनी धरला आणि हात भरून आले तरी हलली नाही.