डचेस लांब जात नाही

कोळशाला चुना लावायचं काम पर्सी मॉब्जकडे होतं. मी जेवणाचा डबा घेऊन शेडवर गेले तेव्हा तो पालथ्या बादलीवर बसून एकेक ढेकूळ हातात घेऊन रंगवत होता, बाळाला पावडर लावावी तसा. वरचा थर तेवढा पांढरा करायचा. खालचा काळा असला तरी राजघराण्याची हरकत नसे.

"माझ्या आईला वाटायचं, मी पाद्री होईन," तो मला म्हणाला. "अंगावर पांढरं आलंच बघ शेवटी, एडना."

पर्सी इंजिनात कोळसा घालणारा फायरमन, आणि त्याच इंजिनाचा ड्रायव्हर माझा नवरा, सिरिल थर्गुड. सिरिल इंजिनाच्या पुढ्यात गुडघे टेकून बफरच्या गोल तबकड्या घासत होता. घासपुशीला पगारी माणसं होती, पण बफर तो कुणाच्या हाती देत नसे.

इंजिनाला नंबर होता, तरी एल्सफर्डच्या शेडमध्ये तिला सगळे डचेसच म्हणत. शिकारीच्या दिवसांत राजघराण्यातली माणसं आमच्या भागातल्या त्यांच्या इस्टेटीवर येत आणि शेवटच्या टप्प्यात त्यांची गाडी डचेस ओढे. ते वर्षातून तीनचारदा. एरवी ती दुधाचे कॅन, कोबीची पोती, शर्यतीच्या कबुतरांच्या करंड्या आणि बाजाराला निघालेल्या आम्हा बायकांना ओढायची. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तिनं लांब मात्र जायचं नाही. हॉकवेल जंक्शनपर्यंत जायचं, दुपारच्या आत परत यायचं आणि अंग धुऊन शेडमध्ये उभं राहायचं. बाकीची इंजिनं लंडनला जात, समुद्राकडे जात, मळून येत. डचेस आरशासारखी लखलखीत, आणि समुद्र काही तिनं पाहिला नव्हता.

जे डचेसला तेच तिच्या ड्रायव्हरला.

माझं माहेर ब्रँसी, समुद्रकाठचं. वडील तिथं एकटे. डोळे जवळजवळ गेलेले, हेरिंग मासा उलटायचा कधी ते तव्याच्या वासावरून ओळखायचे. उन्हाळ्यात एकदा शर्टाची बाही पेटली, ती शेजारणीनं विझवली. आमच्याकडे यायला ते तयार नव्हते. भरतीचा आवाज नाही तिथं माणसाला झोप लागतेच कशी, असं मलाच विचारायचे. ब्रँसीच्या शेडमध्ये ड्रायव्हर दोनच. त्यातला एक या नाताळात निवृत्त व्हायचा होता. दुसऱ्याला अजून खूप वर्षं होती, आणि तेवढी वर्षं वडिलांकडे नव्हती.

सिरिलनं बदली मागितली. शेडचे प्रमुख मिस्टर कॅचपोल म्हणाले, एवढी शाही गाडी होऊ दे, मग बघू. हे ते पूर्वीही म्हणाले होते.

त्या संध्याकाळी चहा ओतताना मी सिरिलला म्हणाले, "या खेपेला गालिच्याच्या पुढे जाऊन थांब."

शाही गाडीच्या आधी फलाटावर लाल गालिचा अंथरलेला असतो. पुढे एक माणूस झेंडी धरून उभा राहतो. ड्रायव्हरनं बरोबर त्या झेंडीशी यायचं, म्हणजे मागे शाही डब्याचं दार बरोबर गालिच्यावर उघडतं. सिरिलचं कधी चुकलं नव्हतं. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरचं एकदाच चुकलं, त्याचं नाव शाही गाडीच्या यादीतून गेलं आणि त्याला बीटच्या मालगाडीवर टाकलं. तो म्हणे त्यानंतर चांगला जाडजूड झाला.

"दोन हात पुढे, बस्स," मी म्हणाले. "मरत नाही कुणी. दोन पावलं फरशीवरून चालतील."

सिरिल पावाला लोणी लावत राहिला. "आणि मग?"

"मग तू बिनकामाचा ठरशील. बिनकामाच्या माणसाला कॅचपोल हसत सोडतील."

त्यानं पाव संपवला, ताटलीतले कण बोटानं टिपले. मग म्हणाला, "बरं."

सिरिल 'बरं' म्हणाला की ते काम झालं असं मी आमच्या लग्नापासून धरून चालत आले होते.

गाडी यायच्या दिवशी आम्ही बायका कुंपणाशी उभ्या होतो. स्टेशनमास्तरांनी उंच टोपी घातली होती आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून ते मान अजिबात हलवत नव्हते. डचेस आली, पुढ्यात चार दिवे, मागे जोडलेल्या टेंडरमध्ये पांढरा कोळसा. मी इंजिनाकडे पाहत नव्हते. मी झेंडीकडे पाहत होते. झेंडी अगदी जवळ आली तरी चाकं फिरतच होती. जातोय, मला वाटलं. मनातल्या मनात मी वडिलांच्या स्वयंपाकघराला नवे पडदे लावूनही टाकले.

आणि डचेस थांबली. बशीत कप ठेवावा तशी, बरोबर झेंडीशी. दार उघडलं. एक तपकिरी बूट बाहेर आला आणि गालिच्याच्या मधोमध टेकला. बूट घालणाऱ्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहायचं? गालिचा असणारच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

पर्सीनं नंतर मला कुंपणाशी गाठलं. सिरिलनं ब्रेक सोडला होता, पर्सीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. "मग हात परत गेला. त्यानं नेला नाही, एडना. गेला."

घरी सिरिल मोरीपाशी कितीतरी वेळ हात धूत होता.

"जमलं नाही," भिंतीकडे बघत तो म्हणाला.

"पाहिलं मी."

मी त्याला टॉवेल दिला.  मग कोबी इतका शिजवला की चमच्यानं प्यावा.

दोन दिवसांनी मिस्टर कॅचपोल स्वतः दारात आले. हातात शिकारीतल्या फेझंट पक्ष्यांची जोडी, इस्टेटीकडून ड्रायव्हरला भेट. वर थर्गुडचं नाव निघालं होतं म्हणे. निवृत्त होईपर्यंत डचेसवर हाच माणूस राहावा, असं कळवलं होतं. ब्रँसीची जागा दुसऱ्या कुणाला दिली.

"अशा हाताला मासळीच्या गाड्यांवर घालवायचं का, मिसेस थर्गुड?" ते म्हणाले. त्यांचे डोळे अभिमानानं अगदी ओले झाले होते.

मी त्यांचे आभार मानले आणि परसात बसून पक्षी सोलले. पिसं शेजारणीच्या वाळवणावर जाऊन बसली, ती ओरडली, तिच्याशी भांडून थोडं बरं वाटलं.

तेव्हापासून मी दर गुरुवारी वडिलांकडे जाते. सकाळच्या दुधाच्या गाडीनं हॉकवेलपर्यंत, म्हणजे डचेस आणि सिरिल. पुढे ब्रँसीची गाडी. हॉकवेलचा फलाट बुटका आणि माझा गुडघा दुखरा. उतरायला एक लाकडी पायरी आहे, पण ती एकदा चोरीला गेल्यापासून हमालानं दिव्याच्या खांबाला साखळीनं बांधून ठेवली आहे. आपला डबा तिच्यापाशी आला तर आपलं नशीब.

पहिल्या गुरुवारी मी पुढच्या डब्यात बसले. इंजिनाकडे पाहिलं नाही, राग होताच. हॉकवेलला दात आवळून दार उघडलं तर खाली पायरी. योगायोग असतात, मी म्हटलं.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम सगळ्यात शेवटच्या डब्यात चढले, कोबीवाल्या बायकांमध्ये. हॉकवेल आलं आणि गाडी थांबेचना. हळूहळू पुढेच सरकत राहिली. दुधवाले ढकलगाड्या घेऊन शिव्या देत तिच्यामागे धावले. शेवटी थांबली तेव्हा माझ्या खिडकीशी दिव्याचा खांब होता आणि डचेस फलाट ओलांडून पार खाजकुइलीत जाऊन उभी होती. पर्सीनं डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि डोकं आत घेतलं. सिरिल मागे वळला नाही. त्याची कोपरावरची बाही तेवढी दिसत होती.

समोर ब्रँसीची गाडी धूर सोडत उभी होती. मी पिशवी काखेत मारली, दार उघडलं, आणि खाली न बघता पाय टाकला.